मणिबेलीने विचारलेला जाब

‘जागतिक नागरी समाज’ ही कल्पनाच पोकळ आहे, हे मत आज परिसंवादांपासून अग्रलेखांपर्यंत रुळले आहे. ते सवंग मत नाही, म्हणून आधी ते पूर्ण बळानिशी मांडतो. नागरी समाज राज्यसंस्थेच्या समोर उभा राहतो. कायदा, न्यायालय, कर यांच्या चौकटीत वाढतो. जगाला राज्यच नाही, मग जगाचा नागरी समाज येणार कुठून? शिवाय त्याच्या नावाने वावरणाऱ्या संस्थांचा पैसा मुख्यतः पाश्चात्त्य आणि त्यांना कोणी निवडून दिलेले नाही. अखेरीस राष्ट्रे ठरवतात तेच होते. अशाच संस्थांनी रेटलेल्या भूसुरुंगबंदीच्या करारावर १९९७ साली १२२ देशांनी सह्या केल्या. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत बाहेरच राहिले.

हा पूर्वपक्ष. आता साक्ष काढू. ती जिनिव्हाची नव्हे, मणिबेलीची.

नर्मदाकाठचे हे आदिवासी गाव तेव्हाच्या धुळे, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातले. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी धरणाच्या भिंतीला अगदी जवळचे. १९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. आपली शेते, गुरे, देव घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न खोऱ्यातल्या माणसांनी आधी तहसीलदाराला विचारला, मग राज्य सरकारला, मग दिल्लीला. उत्तर मिळाले नाही, तेव्हा तो पैसा जिथून आला तिथवर गेला. १९८९ साली नर्मदा आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकरांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. तिथल्या आणि जपानमधल्या पर्यावरण संघटनांनी आपापल्या सरकारांना धारेवर धरले. जपानने मदत थांबवली. १९९१ साली बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा नेमली. स्वतःच्याच प्रकल्पाची अशी चौकशी बँकेने पूर्वी कधी करवली नव्हती. पुढच्या वर्षीच्या अहवालाने सांगितले : आहे त्या परिस्थितीत पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरावे.

या प्रवासाची दिशा वाचकाने लक्षात घ्यावी. प्रश्न वॉशिंग्टनहून मणिबेलीला आला नाही; मणिबेलीहून वॉशिंग्टनला गेला. परदेशी मित्रांची मदत होती, हे कोण नाकारतो? आदिवासी बोलीतली व्यथा इंग्रजीत उतरल्यावरच तिथल्या कानी पडली, ही विषमताही खरी आहे. नीरा चंढोक यांच्यासारख्या साक्षेपी अभ्यासकांनी या कल्पनेच्या मर्यादा दाखवल्या आहेत, त्या मी मान्य करतो. पण वाट खडतर होती म्हणून वाटच नव्हती, असे ठरत नाही. आणि कर्ज परदेशी चालते, तर त्या कर्जाबद्दलचा प्रश्नच परदेशी म्हणून त्याज्य कसा?

राज्याशिवाय नागरी समाज नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तो राज्याच्या नावापाशी थांबतो, सत्तेपाशी पोहोचत नाही. नागरी समाज उभा राहतो तो सत्तेसमोर. खोऱ्यातल्या गावांचे भवितव्य ठरवणारी सत्ता जर वॉशिंग्टनच्या एका इमारतीत बसली असेल, तर जाब विचारणारेही तिथेच जाणार. त्यांना निवडून कोणी दिले, असे विचारता? न्यायालयात फिर्याद घेऊन जाणाऱ्याला निवडून यावे लागत नाही. तो राज्य मागत नाही, उत्तर मागतो. उलट बँकेत मतांचे वजन भागभांडवलावर ठरते. तिथल्या बलाढ्य भागधारकांना मणिबेलीच्या मतदारांनी कधी निवडले होते?

राहिला शेवटचा मुद्दा : राष्ट्रेच ठरवतात. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज भारत सरकारनेच नाकारले, हे खरे. पण समीक्षेच्या अहवालानंतर बँकेने घातलेल्या अटींची मुदत संपायला तेव्हा जेमतेम एक दिवस उरला होता. धरण तरीही झाले. मणिबेली बुडाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बहुमताने पुढच्या बांधकामाला परवानगी दिली. तो पराभव मी लपवत नाही. मात्र त्याच १९९३ मध्ये बँकेला तपासणी पॅनेल स्थापावे लागले. प्रकल्पाची झळ बसलेल्यांना आपल्या सरकारला वगळून थेट बँकेविरुद्ध तक्रार नेता येईल, असे ते दार. पहिली तक्रार १९९४ साली नेपाळमधून, ‘अरुण-३’ या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध आली. पुढच्या वर्षी बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. नर्मदेच्या माणसांनी झगडून उघडलेल्या दारातून अरुणकाठची माणसे आत गेली. दोन्ही खोऱ्यांना एक राज्य नाही, एक भाषा नाही. या नात्याला नागरी समाज म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

आज त्याच अरुण नदीवर भारताच्या सार्वजनिक कंपनीचा ९०० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहतो आहे. बहुतांश कर्ज भारतीय बँकांचे आहे. तिथे परदेशी हात आता आपला आहे. या कल्पनेला पोकळ म्हणणाऱ्या विद्वानांनी एवढेच सांगावे : उद्या त्या खोऱ्यातला शेतकरी आपला प्रश्न घेऊन मुंबई-दिल्लीच्या दारात आला, तर त्याला कोणत्या तोंडाने परत पाठवायचे?