‘तुर्की’ ते ‘उझ्बेक’: एका भाषेचे नामांतर

भाषा आणि राष्ट्र यांचे नाते स्वयंसिद्ध मानून वाङ्मयेतिहास लिहिले जातात. उझ्बेक भाषेचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. उझ्बेक साहित्याचा जनक मानला जाणारा अलीशेर नवाई (१४४१–१५०१) हा हेरातच्या तैमूरी दरबारातील कवी. आपल्या भाषेला तो ‘तुर्की’ म्हणे. अभ्यासक तिला ‘चगताई’ म्हणतात. ‘उझ्बेक’ हे त्या काळी उत्तरेकडील भटक्या टोळ्यांचे नाव होते. त्याच उझ्बेकांनी १५०७ मध्ये शैबानी खानाच्या नेतृत्वाखाली हेरात जिंकून तेथील तैमूरी सत्ता संपवली.

नवाईने १४९९ मध्ये ‘मुहाकमतुल लुगतैन’ या ग्रंथात तुर्की आणि फारसी यांची तुलना केली. फारसीत थोरल्या व धाकट्या भावाला ‘बिरादर’ हा एकच शब्द. तुर्कीत मात्र ‘आगा’ आणि ‘इनी’ असे दोन. रडण्याच्या विविध छटांसाठीही तुर्कीत स्वतंत्र क्रियापदे असल्याचे तो दाखवतो. आजच्या उझ्बेकमध्ये थोरला भाऊ ‘अका’ आणि धाकटा ‘उका’ होय. शब्द पालटले, तरी वडीलकीचा भेद टिकला. मात्र नवाईचा हा युक्तिवाद भाषेच्या सामर्थ्याविषयी आहे, राष्ट्राविषयी नाही. तो स्वतः ‘फानी’ या नावाने फारसीतही काव्यरचना करीत असे.

राष्ट्राचा प्रश्न १९२४ मध्ये उझ्बेक सोव्हिएत प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर ऐरणीवर आला. चगताईला ‘जुनी उझ्बेक’ हे नाव मिळाले आणि नवाई राष्ट्रकवी ठरला. चगताई वारशाचा साक्षेपी अभ्यासक अब्दुरऊफ फितरत याला मात्र १९३८ मध्ये देहदंड झाला. वारसा स्वीकारार्ह होता. त्याचा स्वतंत्र अन्वयार्थ नव्हे.

लिपीचा इतिहासही असाच आहे. १९२०च्या दशकाअखेरीस अरबी लिपीच्या जागी रोमन आली. १९३४ मध्ये तिच्यातील स्वरचिन्हे नऊवरून सहावर आली आणि तुर्की भाषांचे लक्षण असलेली स्वरसंगती लेखनातून लोपली. कारण फारसीभाषकांच्या सान्निध्यात घडलेल्या शहरी बोली प्रमाण ठरल्या. नवाईने जिच्याशी स्पर्धा मांडली, तिचाच ठसा प्रमाण उझ्बेकवर उमटला. १९४० मध्ये सिरिलिक लिपी आली. १९८९ मध्ये उझ्बेकला राज्यभाषेचा दर्जा लाभला, तर १९९३ च्या कायद्याने पुन्हा रोमन लिपी स्वीकारली. तरी सिरिलिक व्यवहारातून गेलेली नाही.

एका शतकातील या लिप्यंतरांमुळे नवाईची हस्तलिखिते सामान्य वाचकाला वाचता येत नाहीत. ज्याच्या नावावर राष्ट्रीय अस्मिता उभी आहे, तो कवी त्या राष्ट्राला लिप्यंतरातूनच भेटतो. म्हणून उझ्बेक वाङ्मयाच्या इतिहासकाराने अखंड परंपरेची कथा सांगण्यापूर्वी प्रत्येक स्थित्यंतरात कोणते वाचक आणि कोणते ग्रंथ परस्परांना दुरावले, याची नोंद घेतली पाहिजे.