सरकारी पगार, आरोपीची बाजू : जेफ अडाची यांची कारकीर्द

मंडळी, आधी एका शब्दाचा घोळ मिटवून घेऊ. मराठीत ‘सरकारी वकील’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरोपीला शिक्षा मागणारा वकील येतो. अमेरिकेत सरकारी तिजोरीतून पगार घेऊन आरोपीच्या बाजूने लढणाराही वकील असतो. त्याला पब्लिक डिफेंडर म्हणतात. क्लारा फोल्ट्झ या कॅलिफोर्नियातल्या पहिल्या महिला वकिलाने १८९३ मध्ये शिकागोला ही कल्पना मांडली आणि १९१४ मध्ये लॉस एंजेलिसला असं पहिलं कार्यालय निघालं. १९६३ च्या गिडियन खटल्यानंतर गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला वकील देणं सर्व राज्यांवर बंधनकारक झालं. इथवर ठीक. पण वकील मिळाला म्हणजे काळ्या आणि गोऱ्या आरोपीला सारखाच न्याय मिळतो का? आजचे आपले गृहस्थ, जेफ अडाची, आयुष्यभर या प्रश्नामागे लागले.

अडाची यांचा जन्म १९५९ चा, कॅलिफोर्नियातला. घराणं जपानी वंशाचं. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरं-दुकानं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यात अडाचींचे आईवडील आणि आजी-आजोबाही होते. खटला नाही, आरोपपत्र नाही. वंश हाच पुरावा.

विद्यार्थीदशेत त्यांना दुसरा धडा मिळाला. चोल सू ली नावाच्या कोरियन तरुणाला सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये १९७३ साली झालेल्या खुनाबद्दल दोषी ठरवलं होतं. खटल्याचा सारा भार गोऱ्या पर्यटकांनी पटवलेल्या ओळखीवर होता. आशियाई चेहऱ्यांतला फरक त्या साक्षीदारांना खरोखर कळला होता का, हे मूळ खटल्यात कोणी धड विचारलंच नाही. के. डब्ल्यू. ली या पत्रकाराने प्रकरण लावून धरलं, मोठी चळवळ उभी राहिली. अडाची तिच्यात नुसते घोषणा देत नव्हते, त्यांनी गाणंही रचलं. १९८२ च्या फेरखटल्यात त्या खुनातून चोल सू ली निर्दोष सुटला, १९८३ मध्ये तुरुंगाबाहेर आला.

पुढे अडाची सॅन फ्रान्सिस्कोच्या पब्लिक डिफेंडर कार्यालयात लागले आणि वर चढत गेले. २००१ मध्ये नव्याने नेमलेल्या प्रमुखांनी त्यांना काढून टाकलं. पण त्या शहरात हे पद निवडणुकीने भरतात! अडाचींनी २००२ मध्ये त्याच प्रमुखांविरुद्ध निवडणूक लढवून जिंकली. पुढे २०१९ पर्यंत ते पदावर राहिले.

२०११ चा प्रसंग जरा सविस्तर सांगायला हवा. गरीब माणसं महिन्याच्या भाड्याने राहतात अशी जुनी हॉटेलं तिथे आहेत. साध्या वेशातले पोलीस त्यांच्या खोल्यांत शिरायचे आणि अहवालात लिहायचे की रहिवाशाने झडतीला संमती दिली. अडाचींच्या कार्यालयाने हॉटेलच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मिळवलं. अहवाल एक सांगत होता, चित्र दुसरंच! अडाचींनी ते चित्रण सरळ पत्रकारांपुढे ठेवलं. बरेच खटले मागे घ्यावे लागले, केंद्रीय तपास झाला, दोन पोलिसांना शिक्षा झाल्या. आणि त्याच प्रकरणाच्या कागदपत्रांतून २०१५ मध्ये पोलिसांनी एकमेकांना पाठवलेले वर्णद्वेषी मोबाइल संदेश बाहेर आले. या पोलिसांच्या शब्दावर किती माणसं तुरुंगात गेली, हा प्रश्न मग कोणालाच टाळता येईना. जुनी प्रकरणं पुन्हा तपासायला काढावी लागली.

आमच्या मते मात्र त्यांचं सर्वांत मोलाचं काम यापेक्षा कोरडं आहे. त्यांनी स्वतःच्या कार्यालयाच्या नोंदी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या हवाली केल्या. २०११ ते २०१४ मधली दहा हजारांहून अधिक प्रकरणं! २०१७ च्या अहवालात दिसलं की काळ्या आरोपींचे खटले जास्त रेंगाळतात, त्यांच्यावर जास्त गंभीर गुन्हे शाबीत होतात. आणि या तफावतीचा मोठा भाग अटकेच्या वेळी पोलीस कोणती कलमं लावतात तिथेच सुरू होतो. म्हणजे न्यायाधीश कितीही निःपक्ष असो, त्याच्यापुढे कागद येतो तो आधीच झुकलेला. आपल्याकडच्या फौजदारी वकिलांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जामिनाचंही तेच. हम्फ्री खटल्यात एका वृद्ध काळ्या माणसावर शेजाऱ्याच्या खोलीतून किरकोळ रोकड आणि अत्तराची बाटली लुटल्याचा आरोप होता. जामीन लावला ६,००,००० डॉलरचा, मग ‘कमी’ करून ३,५०,००० चा. अडाचींच्या कार्यालयाने अपील लढवलं. ऐपत न पाहता जामिनाची रक्कम ठरवता येणार नाही, असं अपील न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व मान्य केलं.

अडाची सर्वांचे लाडके होते असं समजू नका. कर्मचाऱ्यांनी पेन्शनमध्ये जास्त वाटा द्यावा म्हणून त्यांनी मतदानाला प्रस्ताव आणला तेव्हा कामगार संघटना भडकल्या, आणि २०११ ची महापौरपदाची निवडणूक ते हरले.

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी, ५९ व्या वर्षी ते अचानक गेले. दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ‘रेशियल जस्टिस ॲक्ट’ केला. १९८७ च्या मॅक्लेस्की निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आकडेवारीतला वर्णभेद पुरेसा नाही, या आरोपीबाबत हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचं दाखवा. नव्या कायद्याने राज्यापुरती ती अट काढली. विधेयक मांडणारे आमदार ॲश काल्रा भारतीय वंशाचे, आणि राजकारणात येण्याआधी तेही पब्लिक डिफेंडरच होते. त्या कायद्याची कलमं आपण पुढच्या वेळी घेऊ.