लुडोला एक फासा पुरतो, मग 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला सात का लागतात?

'स्ट्रेंजर थिंग्ज' ज्यांनी पाहिलीये, त्यांना पहिल्याच एपिसोडमधला तो सीन आठवत असेल. १९८३ साल, घराचं तळघर आणि टेबलाभोवती बसलेली चार मुलं. खेळातल्या गोष्टीत समोर राक्षस येतो. विल त्याच्यावर आगीचा गोळा फेकायचं ठरवतो. १३ किंवा त्याहून जास्त पडले तरच गोळा लागणार. विल फासा टाकतो, तो घरंगळत टेबलाखाली जातो आणि तेवढ्यात घरातून हाक येते. खेळ तिथेच मोडतो.

आता प्रश्न असा, की सहा बाजूंच्या फाशावर १३ पडणार कसे? तर हा फासा सहा बाजूंचा नसतोच.

खेळ चालतो कसा?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे 'डी अँड डी' हा खेळ अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये बाजारात आणला. यात एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार किंवा चोर होतात. आपलं पात्र काय करणार हे खेळाडू ठरवतो. ते जमलं की फसलं, हे मात्र बऱ्याचदा फासा ठरवतो.

सात फासे, वेगवेगळी कामं

फाशाचं नाव त्याच्या बाजूंवरून पडतं. चार बाजूंचा तो डी४, वीस बाजूंचा तो डी२०. नेहमीच्या संचात डी४, डी६, डी८, डी१२, डी२० आणि दोन डी१० असतात.

सगळ्यात महत्त्वाचा डी२०. वार लागला का, कुलूप उघडलं का, पहारेकऱ्याला थाप पचली का, हे तो सांगतो. त्यावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के.

वार लागल्यावर किती जखम झाली, हे बाकीचे फासे सांगतात. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत खंजिरासाठी डी४, लांब तलवारीसाठी डी८ आणि मोठ्या कुऱ्हाडीसाठी डी१२ टाकतात. हत्यार जितकं दणकट, तितका फासा मोठा.

डी१० दोन असण्यामागेही कारण आहे. एक दशकाचा आकडा देतो, दुसरा एककाचा. ४० आणि ७ पडले तर ४७. दोन्हीकडे शून्य आलं तर १००. झाले टक्केवारीचे फासे तयार!

एक फासा की दोन?

मोठी कुऱ्हाड एक डी१२ वापरते, तर मोठी तलवार दोन डी६. दोन्हींत जास्तीत जास्त १२ च पडतात, मग फरक काय?

डी१२ वर १२ पडण्याची शक्यता १२ मध्ये १. दोन डी६ वर मात्र ३६ मध्ये १, कारण दोन्ही फाशांवर सहाच पडायला हवेत. उलट ७ ची बेरीज सहा वेगवेगळ्या जोड्यांनी होते, त्यामुळे ती सगळ्यात जास्त वेळा येते. म्हणजे तलवार बऱ्यापैकी भरवशाची आणि कुऱ्हाड लहरी. वेगवेगळे फासे असण्याचं खरं कारण हेच आहे. नशीब किती मोकळं सोडायचं, हे फाशावरून ठरवता येतं.

हे आकार आले कुठून?

सगळ्या बाजू एकसारख्या आणि सगळे कोन सारखे असलेले फुगीर घनाकार फक्त पाचच बनतात. प्राचीन ग्रीकांना हे माहीत होतं. डी४, डी६, डी८, डी१२ आणि डी२० हे तेच पाच आकार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इजिप्तमधला ग्रीक अक्षरं कोरलेला वीस बाजूंचा फासा आहे, तोही सुमारे दोन हजार वर्षं जुना.

१९७० च्या दशकात हे फासे सहज मिळत नसत. गायगॅक्स यांना ते शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगमध्ये सापडले. प्लास्टिक इतकं मऊ होतं, की खेळून खेळून कोपरे झिजायचे. आकडे दिसावेत म्हणून खेळाडू त्यात खडूचा रंग भरायचे. १९७९ मध्ये तर फाशांचा तुटवडा पडला आणि खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या चकत्या आल्या. कपात टाकायच्या आणि एक उचलायची!

डी१० त्या पाचांत बसत नाही. त्याच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या असतात. तो रुळण्याआधी डी२० वरच ० ते ९ आकडे दोनदा छापलेले असायचे.

फासा खरंच प्रामाणिक असतो का?

लू झॉकी हे अमेरिकेतले जुने फासे बनवणारे. त्यांचा आक्षेप असा, की कारखान्यात फासे गुळगुळीत करण्यासाठी फिरत्या पिंपात घासतात, त्यात कडा कमी-जास्त झिजतात आणि फासा सगळीकडून सारखा राहत नाही. म्हणून त्यांच्या 'गेमसायन्स' कंपनीने धारदार कडांचे फासे विकले.

१९८५ मध्ये त्यांनी शंभर बाजूंचा फासाही आणला. तो गोलच असल्याने थांबेना, म्हणून आत सुटे कण भरले. पण 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाने चाचणी घेतली, तेव्हा त्यावरही सगळे आकडे सारख्या प्रमाणात पडत नसल्याचं दिसलं.

तुमच्याकडे प्लास्टिकचा फासा असेल तर घरीच तपासा. ग्लासभर कोमट पाण्यात फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवा आणि फाशाला टिचकी मारत राहा. दरवेळी तोच आकडा वर येत असेल, तर फाशाचं वजन एका बाजूला झुकलेलं आहे. धातूचा फासा बुडणारच. तो शेकडो वेळा टाकून नोंद ठेवायची. डी२० दोनशे वेळा टाकला तर प्रत्येक आकडा साधारण १० वेळा यायला हवा. थोडं मागेपुढे चालतं, पण एखादा आकडा २५ वेळा आला तर फासा बदललेला बरा.

विलला किती पडले?

विलचा फासा शेवटी सापडतो, पण डंजन मास्टर माइकने आकडा पाहिलेला नसतो. पाहिला नाही म्हणजे धरायचा नाही, असंही मित्रांमध्ये ठरतं. तरी घरी निघताना विल स्वतःहून माइकला सांगतो, की सात पडले होते आणि राक्षसाने त्याला गाठलं. ही तपासणी मात्र मिठाच्या पाण्यात होत नाही.