सात लिटर हायड्रोजन

परवा जुनी हार्ड डिस्क आवरताना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं सेमिनार प्रेझेंटेशन सापडलं. विषय: सूर्यप्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन. शेवटच्या स्लाइडवर मी बिनधास्त ठोकून दिलं होतं, 'लवकरच प्रत्येक गच्चीवर!' आधी हसू आलं, मग थोडी लाज वाटली. म्हटलं, या वीकेंडला ही गोष्ट एकदा नीट वाचूच.

तर मंडळी, साल १९६७. टोकियो विद्यापीठात केनिची होंडांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा हा पंचविशीतला पोरगा संशोधन करत होता. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक (भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ), तारेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम. स्फटिकावर दिव्याचा प्रखर प्रकाश टाकला आणि बुडबुडे आले! प्रकाशाने स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागेवरून उठतात. रिकाम्या जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, तिथे ऑक्सिजन सुटतो. उठलेले इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमकडे जातात, तिथे हायड्रोजन. झिंक ऑक्साइडसारखे पदार्थ प्रकाशात स्वतःच विरघळतात, हा मात्र जसाच्या तसा राहिला.

सुरुवातीला जाणकारांचा विश्वासच बसेना. १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला, १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि १ जानेवारी १९७४ ला 'असाही शिंबुन'च्या पहिल्या पानावर बातमी झळकली. फुजिशिमांनी गच्चीवर प्रयोगही केला. एक चौरस मीटरचा पत्रा, दिवसभराचं ऊन, हायड्रोजन सात लिटर. वायू हं, द्रव नव्हे! हिशोब करून पाहिला: सगळी उष्णता पातेल्यालाच लागली तरी जेमतेम दोन कप चहाचं पाणी उकळेल.

घोडं अडलं कुठे? या पदार्थाला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते पाच टक्क्यांच्या आसपास. मग संशोधकांनी त्याला दुसरं काम दिलं. हाच गुण वापरून नव्वदच्या दशकात आपोआप स्वच्छ राहणाऱ्या टाइल्स आणि काचा आल्या. इंधन व्हायला निघालेला शोध बाथरूममध्ये स्थिरावला!

मूळ प्रश्न काहींनी सोडला नाही. २०२० मध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने स्ट्राँशियम टायटनेटच्या पावडरीवर अतिनील प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता दाखवली. २०२१ मध्ये त्यांनीच १०० चौरस मीटरचे पॅनल उघड्यावर मांडले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच निघतात, म्हणजे स्फोटाची भीती, पण ते सुरक्षितपणे वेगळेही केले. ऊन ते हायड्रोजन कार्यक्षमता? जास्तीत जास्त ०.७६ टक्के. परवडायचं तर दहाच्या आसपास हवी म्हणतात.

९६ आणि ०.७६! डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक आम्हा आयटीवाल्यांना कोणी सांगायला नको. पण आमचा प्रोजेक्ट दोन क्वार्टर रखडला की गुंडाळतात. इथे माणसं पन्नास वर्षं त्याच बुडबुड्यांपाशी बसली आहेत.

असो. ती शेवटची स्लाइड बदलली. आता तिथे लिहिलंय: '१९६७ पासून, काम चालू आहे.'