नगर-पुणे रस्ता आणि त्याची मजुरी



रस्त्याचा इतिहास सांगू लागले की राजे आणि सेनापती आधी येतात. नगर-पुणे रस्त्यालाही ते आहेतच. १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे दोन्ही गावी इंग्रजांच्या छावण्या बसल्या आणि त्यांच्यामधली वाट पक्की असणे सरकारच्या सोयीचे झाले. सेनापतींचा विषय मी येथेच मिटवतो. मी मजुरांच्या संघटनेत वाढलेला माणूस आहे. ही खडी फोडली कोणी आणि तिला रोज काय पडला, एवढेच मला विचारायचे आहे.

आपल्या जिल्ह्यातले रस्ते पुष्कळसे दुष्काळाच्या हातांनी झाले. १८७६ साली पाऊस फसला आणि सरकारने कामे काढली. रस्ते, तलाव, तसेच १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम ही त्यातलीच. आरंभी रोज ठरला तो पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा, पोराला एक आणा. मग जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आले. माणूस जगण्यापुरते धान्य किती, याचा हिशेब त्यांनी एका पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या शेरावर आणला. मुलकी खात्याच्या कामांवर पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, बाईला तेवढीच किंमत आणि वर पाव आणा, असा नवा दर निघाला. मीठ, सरपण, लुगडे, सगळे त्या अर्ध्या आण्यात!

तेव्हा दख्खनच्या जिल्ह्यांतून हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. घरात दाणा नसलेल्या माणसांनी काम टाकले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे लेखी मांडली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली ती १८८४ साली. त्याच्या सात वर्षे आधी, ना संघटना ना निधी असताना, आपल्या मुलखातल्या कुणब्या-महारांनी हा संप केला. संपाच्या इतिहासात त्याला चार ओळी मिळतात, हे मला खटकते.

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी याच रस्त्याने नगरहून पुण्यास गेली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. नगरकरांनी ही नावे जपली, हे चांगले केले. परंतु ज्या खडीवरून ती बेडफर्ड गाडी धावली, त्या खडीचा हजेरीपट कोणी जपला नाही.

नंतर डांबर आले, राज्य महामार्ग ही पदवी आली आणि १९७२ चा दुष्काळही आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. माझी आई पारनेर तालुक्यात खडी फोडीत होती. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत होतो, असे ती सांगे. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दगड पायात दाबून हातोडी घालायची. मोजणी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. ढीग मोजताना मुकादमाची काठी जरा आडवी पडली की दिवसाचा रोज कमी! सुकडी आणि मिलो हे शब्द इथल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागणार नाहीत. फोडलेल्या खडीचे ढीग मात्र कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे रस्त्याकडेला पडून राहिले. म्हणूनच पुढे नुसती खडी नको, बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव हवेत, असा आग्रह धरला गेला.

त्या हलाखीतून एक मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम ही भीक नसून हक्क आहे, हे सरकारने कायद्यात लिहिले. शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली बसलेला व्यवसाय कर याच हमीसाठी होता. तेव्हा त्या बांधांत तुमचाही पैसा आहे, मंडळी.

१९९० नंतर ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हे धोरण आले. शिरूर-नगर रस्ता खासगीकरणातून चौपदरी झाला, पथकर बसला आणि केडगाव शहराला जोडून गेले. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. रस्ता मात्र बोलण्यात ‘नगर रोड’च राहिला. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. यंत्राने खडी फोडली हे फार बरे झाले, ती हातोडी कोणाच्याही आईच्या वाट्याला येऊ नये. प्रश्न यंत्रामागे उरलेल्या माणसांचा आहे. कढत डांबराजवळ उभी राहणारी, बाजूपट्टी भरणारी ही माणसे परजिल्ह्यातून येतात, पालात राहतात आणि काम सरकले की सरकतात.

त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत १९९६ चा बांधकाम कामगार कायदा होता. रस्ते त्यात येत. कामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगार मंडळाकडे जमा होतो. लाभ मिळण्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मागे आम्ही बारा जणांचे दाखले मागायला एका ठेकेदाराकडे गेलो. ‘ही माणसे माझी नव्हेत, पोट-ठेकेदाराची’, असे उत्तर मिळाले. पोट-ठेकेदार तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. बारांपैकी सात जण त्याच्यामागे गेले. उरलेल्या पाचांचे अर्ज आमच्या कचेरीत आहेत, दाखल्याची जागा कोरी ठेवून.