गारद्यांचा पगार

नारायण पेठेत केसरीवाड्याजवळच्या एका दुकानात पेशवाईवरची पुस्तकं चाळत होतो. शेजारच्या काकांनी सहज नाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे गारदी तुमचेच की!" ते हसले, मीही हसलो.

ही पेठ थोरल्या माधवरावांच्या काळात वसली आणि तिला नाव मिळालं त्यांच्या धाकट्या भावाचं. त्याच नारायणरावाला ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी मारलं. म्होरक्यांत सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद युसूफ असे तिघेही होते, एवढं मी काकांना सांगितलं. कट राघोबादादांच्या गोटातला, हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र नेहमी दुसरीच गोष्ट खटकते. ते वाड्यात शिरले ते थकलेला पगार मागत. शिरायला ते निमित्त पुरलं, याचा अर्थ पगार थकणं ही रोजचीच बाब असणार.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'तोफा की लोणी' असा धडा असतो. देशाकडे माणसं, जमीन, पैसा मोजकाच. तोफा वाढवल्या की लोणी कमी होतं. जुन्या मराठी फौजेत ही ओढाताण थोडी सौम्य होती, कारण बरेच शिपाई पावसाळ्यात गावी परतून नांगर धरत. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तेच हात भाल्याकडे वळत. सरदारांना सरंजाम, म्हणजे गावांचा महसूल तोडून दिलेला; खजिन्यातून रोकड कमी जाई.

गारदी आले आणि हिशोब बदलला. कवायती पायदळाला बारा महिने सराव, दारू, शिसं आणि दरमहा रोख पगार लागतो. असा शिपाई आषाढात शेतावर जात नाही. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंकडे आला, तेव्हा पगार वेळेवर मिळावा म्हणून तो हट्ट धरी आणि भाऊ त्यावर वैतागत, असं काशीराजाच्या हकिकतीत आहे. रोकड आणायची कुठून? दिल्लीत दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून रुपये पाडावे लागले.

पानिपतावर तर धडाच उलगडला. तोफा होत्या, गारदी होते, पण गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज मैदानात उतरली. इब्राहिमखानाच्या पलटणी शेवटपर्यंत लढल्या. तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि अब्दालीच्या गोटात त्याला ठार केलं गेलं. (ही गोष्ट काकांना सांगायची राहूनच गेली.)

लोण्याची बाजू अगदीच रिकामी होती असं नाही. नानासाहेबांनीच कात्रजचं पाणी नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत आणलं. पण पाण्याची खोळंबलेली कामं तलवार घेऊन वाड्यात शिरत नाहीत. थकलेला पगार शिरतो. म्हणून पैसा आला की आधी फौज, मग सावकार, आणि उरलं तर बाकीचं.

माधवरावांना हे कळत होतं. आजारपणात त्यांना दौलतीवरच्या कर्जाचा घोर लागला होता आणि ते फेडावं अशी शेवटची ताकीद त्यांनी देऊन ठेवली. १८ नोव्हेंबर १७७२ ला ते थेऊरला वारले. नारायणरावाला त्यानंतर जेमतेम नऊ महिने मिळाले.

मी पुस्तकातून मान वर केली, तोवर काका पैसे देऊन निघून गेले होते.