चार पानांचा निबंध आणि गळालेले नाव

भोकरला येताना आम्ही मनात दुसराच विषय धरला होता. पण मानसशास्त्र शिकवणारे एक तरुण प्राध्यापक फोनवर म्हणाले, "सर, संशोधनाच्या मोजमापावर बोला. आमची बढती तिथंच अडलीय." तेव्हा तेच बोलू.

हे मोजमाप आले कुठून? फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील संदर्भांची सूची काढली. कोणी कोणाचा आधार घेतला हे शोधता यावे, हा तिचा मूळ हेतू. म्हणजे ती वाचणाऱ्याच्या सोयीची होती. पुढे २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला: ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक दहा. आता बघा, एखाद्याचे दोनच निबंध हजार-हजार वेळा उद्धृत झाले आणि बाकीचे कुणी उघडलेच नाहीत, तर त्याचा निर्देशांक दोन!

ही गंमत नुसती कल्पनेतली नाही. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पण १९४३-४४ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी दोन निबंध छापले.

१९४४ चा निबंध जेमतेम चार पानांचा. गुणसूत्रावर दोन जनुकांमधले अंतर कसे काढावे, हा प्रश्न. एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारीच दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला. आज कापसाचा, भाताचा, ज्वारीचा जनुक-नकाशा करणारे संशोधक 'कोसंबी' हे सूत्र संगणकावर निवडतात. त्यातल्या कितींना हा माणूस भर्तृहरीची संहिता सिद्ध करणारा, जुन्या नाण्यांची वजने करणारा होता हे माहीत असेल, कोण जाणे. पण नाव टिकले.

१९४३ च्या निबंधाचे तसे झाले नाही. तो 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त आला. जग युद्धात होते. गुंतागुंतीची, सतत बदलणारी गोष्ट थोड्या मूळ आकारांच्या बेरजेत कशी मांडता येते, हा त्यातला विचार. त्याच दशकात पुढे फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी तो स्वतंत्रपणे मांडला, आणि सिद्धांताला त्यांचीच नावे चिकटली. १९९० मध्ये कर्बी आणि सिरोविच यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच कार्हुनेन-लोएव्ह आहेत, कोसंबी नाहीत. पुढच्या वर्षी टर्क आणि पेंटलंड यांचा चेहरे ओळखण्यावरचा निबंध 'जर्नल ऑफ कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स'मध्ये आला आणि तो विषय बोधात्मक मानसशास्त्राच्या दारात पोचला.

इथे आपण मराठी माणसांनी थोडे जपून बोलावे. चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचे जनक कोसंबी, असे म्हणणे हा फुगा आहे. छायाचित्रांपुरते पाहिले तर हॉटेलिंग यांनी १९३३ मध्येच, तेही शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात, जवळचीच रीत दिली होती. कोसंबींचे योगदान फलनांपर्यंत जाण्याचे. काही ग्रंथांत आता त्यांचे नावही जोडतात, ते योग्यच.

पण मोजणाऱ्याच्या यंत्राला यातले काय कळते? एकच माणूस, दोन लागोपाठची वर्षे. एका निबंधाचे नाव जगभर आणि दुसऱ्याचे गळालेले. शिवाय त्यांनी काही गणिती निबंध 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने छापले, ते कुणाच्या खात्यावर टाकणार? आणि १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाबद्दल कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केलेला दावा टिकला नाही. चूक दाखवायला केलेला उल्लेखही मोजणीत एकच धरला जातो.

आता आमचे सांगतो. आम्हीही निवड समित्यांवर बसलो. तत्त्वज्ञानाचे पदवीधर आम्ही, प्रमाण म्हणजे काय हे वर्गात तीस वर्षे शिकवले. पण उमेदवाराची फाइल समोर आली की निबंधांची संख्या, गुण, बेरीज, सही. चहा यायच्या आत काम संपे. एकदा एका मुलीने आपला एकुलता एक निबंध पुढे केला, "सर, एवढा वाचाल का?" आम्ही तो फाइलला जोडायला सांगितला.

तुमच्यापैकी कुणी निबंध बरोबर आणला असेल तर द्या. रात्री मुक्काम नांदेडला आहे, वाचू.